२०२० चा एफ वन सीझन: तिसऱ्या नंबरची मारामारी आणि ते १५ पॉईंट

करवीर_पिटलेन
राम राम मंडळी. इथं फॉर्म्युला वनच्या, म्हणजे एफ वन गाड्यांच्या २०२० च्या सीझनचा विषय निघाला की दोनच गोष्टी कानावर येतात, एक मर्सिडीजच्या हॅमिल्टनची सातवी चॅम्पियनशिप आणि दुसरं म्हणजे "कोरोनाचा सीझन तो, त्याला काय धरायचं". हे दुसरं मला लई खटकतं म्हणून मुद्दाम वेगळा धागा काढलाय. पुढं मर्सिडीज एकटीच पळत होती हे मान्य, त्यांचे ५७३ पॉईंट आणि दोन नंबरच्या रेड बुलचे ३१९, तिथं चुरस नव्हतीच. पण जरा खाली बघा की. तिसरी मॅकलॅरेन २०२, चौथी रेसिंग पॉईंट १९५, पाचवी रेनॉ १८१. त्यात रेसिंग पॉईंटचे १५ पॉईंट गाडी कॉपी केल्याच्या भांडणात स्टुअर्ड्सनी, म्हणजे रेसच्या पंचांनी काढून घेतलेले, ते राहिले असते तर २१० होऊन मॅकलॅरेन चौथी गेली असती. म्हणजे तिसरा नंबर ट्रॅकवर ठरला का चौकशीच्या खोलीत, ह्यावर बोलूया.

ज्यांनी तो सीझन बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २२ रेसचं कॅलेंडर ठरलं होतं. पहिली रेस मेलबर्नला, १५ मार्चला. गुरुवारी मॅकलॅरेनच्या एका माणसाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, टीमनं माघार घेतली आणि शुक्रवारी सकाळी पब्लिक गेटवर येऊन उभी असताना सगळं रद्द केलं. त्याआधी प्रेस कॉन्फरन्सला हॅमिल्टन सगळ्यांसमोर म्हणाला होता की आपण ह्या खोलीत बसलोय ह्याचाच मला धक्का बसलाय, आणि मग रेस का होतेय म्हणून विचारल्यावर त्याचं उत्तर "कॅश इज किंग". पुढं एकेक रेस गळत गेली, १९५५ पासून एक वर्ष न चुकलेली मोनॅकोसुद्धा. शेवटी ५ जुलैला ऑस्ट्रियात रिकाम्या स्टँडसमोर सुरुवात झाली ती १३ डिसेंबरला अबू धाबीपर्यंत १७ रेस. एकाच ट्रॅकवर लागोपाठ दोन आठवडे, मधेच मुजेलो, इमोला, पोर्तिमाव, इस्तंबूल असले मूळ कॅलेंडरात नसलेले ट्रॅक, कुणाकडं नीट डेटा नाही, तयारीला वेळ नाही. माझ्या मते टीमांची खरी खुन्नस ह्याच सीझनला बघायला मिळाली.

शिरोली_फौंड्री
विषय भारी काढलास भावा. मी त्या गुलाबी मर्सिडीजबद्दलच, म्हणजे रेसिंग पॉईंटच्या गाडीबद्दलच बोलणार, कारण कॉपी म्हणजे काय हे आम्हाला रोज बघायला मिळतंय.

आमचा धंदा पॅटर्नचा. गिऱ्हाईक कधीकधी ड्रॉइंग देत नाही, नुसता जुना पीस टेबलावर ठेवतं आणि "असाच पाडून द्या" म्हणतं. आता बाहेरनं कॉपी मारायला काही अडचण नसते, व्हर्नियर लावायचा, टेम्प्लेट काढायचं, ओतलेलं मेटल गार होताना आकसतंय तेवढा पॅटर्न मोठा ठेवायचा, मशिनिंगला मटेरियल सोडायचं, झालं. पण आतल्या कोअरचं काय? आतली वाट कुठं वळली, भिंत कुठं जाड ठेवली कुठं पातळ, हे पीस मधनं कापल्याशिवाय कळत नाही. आणि कापलं तरी तिथं जाड का ठेवली हे कळत नाहीच, ते ज्यानं पहिल्यांदा बनवलं त्यालाच ठाऊक.

आता रेसिंग पॉईंटचं बघा. त्यांनी २०१९ च्या मर्सिडीजचे फोटो काढून गाडी बनवली असं उघड सांगितलं, लपवलं नाही, आणि फोटोवरनं बाहेरचा आकार उचलायला त्या वेळी नियमात बंदी नव्हती. भांडण पेटलं ते ब्रेक डक्टवर. ब्रेक डक्ट म्हणजे चाकाच्या आतल्या अंगाला असतो तो कार्बनचा भाग, ब्रेकला हवा घालून गार ठेवतो आणि चाकाभोवतीची हवा कशी जाईल हेही तोच ठरवतो. त्याच्या आतल्या वाटा फोटोत दिसतील कशा? तिथं मर्सिडीजकडनं आलेला कॅड डेटाच, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंगच होतं. २०१९ मध्ये ते चालत होतं, कारण ब्रेक डक्ट तेव्हा "स्वतः डिझाइन केलेच पाहिजेत" अशा पार्टांच्या यादीत नव्हते. २०२० पासून यादीत आले. पुढचे डक्ट त्यांनी २०१९ च्या गाडीवर वापरले होते म्हणून ते सुटले, मागचे वापरले नव्हते म्हणून तिथं अडकले. रेनॉनं तक्रार केली, ऑगस्टमध्ये निकाल लागला, १५ पॉईंट आणि ४ लाख युरो दंड.

पपया_ऑरेंज
फौंड्रीवाले दादा, सगळं बरोबर सांगितलंत पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहिली, निकालानंतर तेच डक्ट त्यांनी उरलेला अख्खा सीझन वापरले!! दंड भरा आणि तोच पार्ट लावून पळा. मग शिक्षा कसली. बाकीच्या टीम चिडल्या त्या ह्याच्यामुळंच. फेरारी, रेनॉ, मॅकलॅरेन, विल्यम्स सगळ्यांनी अपिलाची भाषा केली, मग एकेक करून माघार घेतली, आणि शेवटी रेसिंग पॉईंटनंही आपलं अपील मागं घेतलं. पण एफआयएनं, म्हणजे नियम करणाऱ्या संस्थेनं पुढच्या वर्षापासनं असली अख्खी गाडी कॉपी करायला बंदी घातली म्हणजे चुकीचं होतं हे त्यांनाही पटलंच की. मी मॅकलॅरेनवाली आहे म्हणून बोलत नाही, जी टीम विंड टनेलमध्ये रात्री घालवून स्वतःचा आकार शोधते तिच्यावर हा अन्याय आहे.

आणि मॅकलॅरेनची त्या वर्षीची अवस्था आठवा. मे महिन्यात ग्रुपमधनं साधारण १२०० लोकांना कमी करायचं जाहीर झालं होतं, पुढं बँकेकडनं १५ कोटी पौंडांचं कर्ज काढावं लागलं. तिसऱ्या आणि चौथ्या नंबरच्या बक्षिसाच्या पैशातला फरक त्यांच्यासाठी हौसेचा नव्हता. अशा वेळी पहिल्याच रेसला आमच्या नॉरिसनं काय केलं बघा, हॅमिल्टनला ५ सेकंदांची पेनल्टी पडलीय हे कळल्यावर शेवटच्या लॅपला फास्टेस्ट लॅप मारली आणि त्याच्या मागं ४.८ सेकंदांत राहून पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतली जागा काढली. ०.२ सेकंद!! तो लॅप मी आजही लावून बघते.

फोर्स_इंडिया_प्रेमी
ताई, मॅकलॅरेनबद्दल आदर आहेच, पण त्या गुलाबी टीमला चोर म्हणून मोकळं होऊ नका. ती टीम कुठनं आली हे आपण तरी विसरून चालणार नाही. ती आपली फोर्स इंडिया. २००८ ला भारताचं नाव लावून उतरली, २००९ ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर फिसिकेलानं पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा काढली आणि रायकोनेनच्या मागं दुसरा आला. तेव्हा आमच्या कॉलनीत एफ वन बघणारी दोन घरं होती, त्या दिवशी दोन्ही घरं एका टीव्हीसमोर. २०१८ ला दिवाळं निघायची पाळी आली तेव्हा टीमचा ड्रायव्हर पेरेझनंच कोर्टाची पायरी चढून टीमला ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे कोर्टानं नेमलेल्या माणसाच्या ताब्यात घातलं, नाहीतर चारशेच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. लोकांना वाटलं टीम बुडवली, पण त्यानं वाचवली होती. मग टीमचा आताचा दुसरा ड्रायव्हर स्ट्रोल, त्याच्या बापानं आणि त्याच्या जोडीदारांनी ती घेतली.

आणि त्याच पेरेझला सप्टेंबर २०२० मध्ये सांगितलं की पुढच्या वर्षी फेरारीचा व्हेटेल येतोय, तू मोकळा. करार शिल्लक असताना. त्याच्याआधी सिल्व्हरस्टोनच्या दोन्ही रेस त्यानं कोरोनामुळं घालवलेल्या. एवढं होऊन तो माणूस सीझनला चौथा आला, १२५ पॉईंट, दोन रेस कमी पळून. ज्याला काढलं त्यानंच टीमसाठी सगळ्यात जास्त कमावलं हे मला आजपर्यंत पचलेलं नाही.

टिफोसी_मंगळवार_पेठ
सगळे गुलाबी रेसिंग पॉईंट आणि केशरी मॅकलॅरेनवर बोलताय, आम्हा लालवाल्या फेरारीचं दुःख कुणी विचारत नाही. सहावा नंबर, १३१ पॉईंट. १९८० नंतर फेरारीचा एवढा वाईट सीझन नव्हता. स्पाला व्हेटेल १३ वा, लेक्लेर १४ वा, कुणाचा अपघात नाही, गाडी बंद नाही, नुसती हळू. पुढच्या आठवड्यात मोन्झाला घरच्या मैदानावर व्हेटेलचे ब्रेक गेले आणि लेक्लेर पॅराबोलिका वळणावर भिंतीत. तिथं लोक नव्हते तेच बरं झालं असं मला त्या दिवशी वाटलं होतं, मनापासून.

पण माझा राग गाडीवर नाही, त्या गुप्त समझोत्यावर आहे. २०१९ ला आमच्या इंजिनावर सगळ्यांना संशय होता. २८ फेब्रुवारीला टेस्टिंग संपता संपता एफआयएनं जाहीर केलं की चौकशी झाली, फेरारीशी समझोता झालाय, तपशील गुप्त. फेरारीचं इंजिन न वापरणाऱ्या सातही टीम त्यावर तुटून पडल्या. आणि नंतर सीझन सुरू झाल्यावर आम्ही सरळ रस्त्यावर हळू, आमचं इंजिन लावणाऱ्या हास आणि अल्फा रोमिओही हळू. लोकांनी ज्याचा त्याचा अर्थ काढला. मी फेरारीचा आहे म्हणूनच म्हणतो की ते कागद उघडायला पाहिजे होते. दोषी असलो तर शिक्षा घेतो, नसलो तर ताठ मानेनं फिरतो. रेसिंग पॉईंटला निदान निकाल तरी मिळाला, कुठला पार्ट, कुठला नियम, किती दंड, सगळं वाचायला मिळालं.

करवीर_पिटलेन
टिफोसी दादा, हे शेवटचं वाक्य मला लई पटलं. १५ पॉईंट बरोबर का चूक ह्यावर आपण एवढं भांडू शकतोय कारण निकाल समोर आहे.

पपया ताई, आता तुमच्या बाजूनं एक हिशोब मांडतो. लोक म्हणतात १५ पॉईंट कापले म्हणून रेसिंग पॉईंट चौथी. पण बहरीन आठवा. २९ नोव्हेंबर, ग्रोजाँची गाडी बॅरियर फाडून मधनं दोन तुकडे झाली ती रेस. पेरेझ तिसरा पळत होता, तीन लॅप राहिले आणि इंजिनातनं धूर आणि जाळ. तिसऱ्या जागेचे पॉईंट किती? १५. तेवढेच. वर मॅकलॅरेनचे नॉरिस आणि सेन्झ एकेक जागा वर सरकून चौथे-पाचवे आले. म्हणजे चौकशीच्या खोलीत गेले तेवढेच ट्रॅकवर पण गेले. इस्तंबूलला स्ट्रोल पोलवरनं निघाला, बराच वेळ पुढं होता आणि नववा आला, ते वेगळंच.

त्यामुळं अबू धाबीच्या आधी टेबल काय होतं, रेसिंग पॉईंट १९४, मॅकलॅरेन १८४, रेनॉ १७२. शेवटच्या रेसला पेरेझची गाडी पुन्हा बंद, स्ट्रोल दहावा, एक पॉईंट. मॅकलॅरेन पाचवी-सहावी, १८ पॉईंट. संपलं. एका पण मॅकलॅरेनचं काही बिघडलं असतं तरी तिसरा नंबर गेला असता.

उद्यमनगर_लेथ
ग्रोजाँचं नाव निघालंय तर थांबून बोलायलाच पाहिजे. जाळात जवळजवळ २८ सेकंद होता तो. डोक्यावरचा टायटॅनियमचा हेलो, म्हणजे ड्रायव्हरभोवतीची संरक्षक कमान नसती तर बॅरियरची पट्टी सरळ हेल्मेटवर आली असती. २०१८ ला हेलो आणला तेव्हा किती जणांनी नावं ठेवली होती, गाडी विद्रूप दिसते म्हणून, आणि ग्रोजाँ स्वतः सुद्धा विरोधात होता. हॉस्पिटलमधनं त्यानंच सांगितलं की हेलोमुळं मी आज बोलतोय.

दुसरं म्हणजे बदली ड्रायव्हर हल्केनबर्गचा बोल्ट. पेरेझच्या जागी ऐनवेळी बोलावलं, ब्रिटिश ग्रांप्रीला गाडी सुरूच झाली नाही, कारण इंजिनाच्या भागात एक बोल्ट तुटून अडकलेला. टॉर्क जरा इकडं-तिकडं झाला, मटेरियलमध्ये दोष निघाला, की एवढ्या मोठ्या मशिनीला पाच रुपयाच्या बोल्टाएवढी गोष्ट बसवून ठेवते हे लेथवर उभं राहणाऱ्याला सांगायला नको. पुढच्याच आठवड्यात त्याच गाडीतनं तो क्वालिफायिंगला तिसरा आला आणि रेसला सातवा. आणि नुर्बुर्गरिंगला तर स्ट्रोल आजारी पडल्यावर कोलोनमधनं बोलावून घेतला, एकही प्रॅक्टिस न करता शेवटनं सुरुवात, आठवा आला. त्याचे ते १० पॉईंट टीमच्या टेबलात धरलेले आहेत हे विसरू नका.

सीपीआर_नर्स
मी रेस फार बघत नाही, माझा नवरा बघतो, पण हा धागा वाचून एक गोष्ट लिहावीशी वाटली. मर्सिडीजच्या इंजिन कारखान्यानं लंडनच्या यूसीएल विद्यापीठाबरोबर सीपॅप मशीन बनवलं होतं, पहिल्या मीटिंगपासून पहिलं मशीन हातात यायला १०० तासांपेक्षा कमी वेळ लागला. दहा हजार मशीन केली आणि डिझाइन कुणालाही फुकट वापरायला खुलं केलं. सीपॅप म्हणजे पेशंटला व्हेंटिलेटरवर टाकायच्या आधी मास्कमधनं ऑक्सिजन आणि हवा दाबानं देतात ते, फुप्फुसं मिटू नयेत म्हणून. त्या काळात वॉर्डात काम केलेल्या माणसाला विचारा एका मशीनची किंमत काय होती. पेशंटचा ऑक्सिजन ८५ वर आला की नातेवाईक बाहेर उभे राहून नुसते तोंडाकडं बघायचे. तुमची खुन्नस चालू ठेवा, पण हे पण त्याच सीझनचं आहे.

उद्यमनगर_लेथ
ताई, बरं झालं लिहिलंत, आणि तुम्हा सगळ्यांना मानाचा मुजरा. त्यात एक आमच्या कामाची गोष्ट अशी की ज्या मशीनवर पिस्टन आणि टर्बोचार्जर बनायचे त्याच मशीनवर सीपॅपचे पार्ट निघत होते, दिवसाला एक हजार. सेटिंग बदलून, नवीन फिक्श्चर लावून, तपासणीसकट हे एवढ्या लवकर करणं म्हणजे खायचं काम नाही. आणि इंग्लंडमधल्या सातही टीम व्हेंटिलेटरच्या कामात एकत्र आल्या होत्या. जुलैमध्ये ह्याच टीम एकमेकांवर तक्रारी टाकत होत्या आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही, दोन्ही कामं जीव लावूनच केली.

शाहू_स्टेडियम_कट्टा
मी पेठेपेठेतली फुटबॉलची खुन्नस बघत मोठा झालोय त्यामुळं तक्रारी-बिक्रारीचं मला पण वाईट वाटत नाही. पण मूळ मुद्दा राहिला, हॅमिल्टनची चॅम्पियनशिप. सीझन अर्धवट झाला, २२ च्या १७ रेस, मग तिला पूर्ण मानायची का? माझा मित्र म्हणतो स्टार लावून लिहिली पाहिजे.

करवीर_पिटलेन
तुझ्या मित्राला २००२ चं टेबल दाखव. त्या वर्षी पण १७च रेस होत्या आणि शूमाकरनं ११ जिंकल्या. २०२० ला हॅमिल्टननं पण ११च जिंकल्या, ते पण एक रेस कोरोनामुळं न पळता. २००२ ला कुणी स्टार लावत नाही. इस्तंबूलला तर ट्रॅक नवीन डांबराचा, वर पाऊस, गाड्या बर्फावर असल्यासारख्या फिरत होत्या, त्यात तो सहाव्या नंबरावरनं सुरू करून तासाहून जास्त वेळ एकाच टायरवर राहिला आणि जिंकला, दुसरा आला पेरेझ. टायर शेवटी पार गुळगुळीत झालेले. ती चॅम्पियनशिप कुणी हातात आणून दिलेली नव्हती.

टिफोसी_मंगळवार_पेठ
मान्य. लाल रक्त असून सांगतो, मान्य. फक्त त्याच्या गाडीत दुसरा कुणी बसला तर काय झालं असतं हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं अर्धं उत्तर साखिरला, म्हणजे बहरीनमधल्याच पुढच्या आठवड्याच्या रेसला मिळालं. हॅमिल्टन पॉझिटिव्ह, जॉर्ज रसेलला विल्यम्समधनं उचलून त्या गाडीत बसवलं, पाय मावेनात म्हणून एक नंबर छोटे बूट घातले, आणि तो मर्सिडीजच्या दुसऱ्या गाडीतल्या बोटासला मागं टाकून रेस जिंकत होता. मग पिटमध्ये घोळ, बोटासचे टायर रसेलच्या गाडीला. परत बोलवावं लागलं, नंतर पुन्हा पुढं आला तर पंक्चर. नववा.

फोर्स_इंडिया_प्रेमी
आणि जिंकला कोण!! पहिल्या लॅपला धक्का खाऊन गोल फिरलेला, सगळ्यांच्या मागं गेलेला पेरेझ. १९० वी रेस आणि पहिला विजय. आदल्या आठवड्यात इंजिन जळालेलं, पुढच्या वर्षीची सीट नाही. भारतात रेस उशिरा होती, घरात सगळे झोपलेले म्हणून मी उशी तोंडावर धरून ओरडलो. स्ट्रोल तिसरा, म्हणजे एका रेसमध्ये ४० पॉईंट. आणि त्याच दिवशी त्याच ट्रॅकवर एफ टूमध्ये, म्हणजे एफ वनच्या खालच्या पायरीच्या रेसला आपला जेहान दारूवाला जिंकला, एफ टू जिंकणारा पहिला भारतीय. पेपरात त्याची बातमी आतल्या पानात कोपऱ्यात होती ह्याचं मला वाईट वाटतं.

कार्टिंग_कोल्हापूर
नवीन आहे इथं, १९ वर्षांचा. मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंग बघून नाद लागला. २०२० ला मी रेस बघत नव्हतो. सगळ्या १७ बघायला वेळ नाही, कुठल्या बघू? आणि टीमांवर वर्षाच्या खर्चाची मर्यादा पण तेव्हाच आली का?

पपया_ऑरेंज
ये भावा ये. मोन्झा पहिली बघ, तिथं गॅस्ली अल्फाटाउरीतनं जिंकला आणि सेन्झ अर्ध्या सेकंदानं दुसरा, शेवटचे पाच लॅप उभं राहून बघितले होते मी. मग इस्तंबूल, बहरीन आणि साखिर सलग बघ, म्हणजे वरचा हिशोब कळेल.

खर्चाची मर्यादा २०२१ साठी आधीच ठरली होती, १७.५ कोटी डॉलर. कोरोनात कारखाने बंद पडले, रेसचे पैसे थांबले, छोट्या टीम बुडायची वेळ आली तेव्हा ती १४.५ कोटींवर आणली. विल्यम्स कुटुंबाला तर त्याच वर्षी टीम विकावी लागली. मोठ्या टीमांना एरवी एवढ्यावर आणणं कुणाला जमलं नसतं असं माझं ठाम मत आहे. आणि तिसरी आलेली मॅकलॅरेन २०२४ ला कन्स्ट्रक्टर्स, म्हणजे टीमांची चॅम्पियन झाली, १९९८ नंतर पहिल्यांदा.

शिरोली_फौंड्री
आणि त्यातच माझं शेवटचं म्हणणं. कॉपी करून रेसिंग पॉईंटनं एक वर्ष कमावलं, साखिर जिंकली, मला त्या पोरांचा आनंद खोटा वाटत नाही. पण पुढच्या वर्षी ॲस्टन मार्टिन नाव लावून तीच टीम सातवी आली. खालच्या फ्लोरचे नियम बदलल्यावर मर्सिडीजच्या धाटणीच्या गाड्यांना फटका बसला, मर्सिडीजनं आपलं आपण सावरलं, ह्यांना तसं सावरता आलं नाही. तिथं जाड का ठेवली हे माहीत नसलं की असं होतं.

फोर्स_इंडिया_प्रेमी
दादा, मान्य, पण पेरेझचं सांगून टाकतो, कार्टिंगवाल्या भावाला माहीत नसेल. १८ डिसेंबरला रेड बुलनं त्याला घेतलं, साखिर जिंकून दोन आठवडे पण झाले नव्हते. आणि २०२१ ला अबू धाबीला जुन्या टायरवर त्यानं हॅमिल्टनला दोन लॅप असा अडवून धरला की व्हर्स्टॅपन मागनं येऊन चिकटला. साखिर झाली की ते दोन लॅप बघ.